पहिल्या रांगेतल्या अक्षता

दुपारची जेवणं उरकली आहेत, घरात पाहुण्यांची वर्दळ आहे, आणि मालिनीबाई कानातलं यंत्र काढून आडव्या होतात. बहिरेपणाची एवढी एकच चैन. यंत्र लावलं की भांडी, पंखा, शेजारचा मिक्सर सगळं खणखणीत ऐकू येतं, माणसं तेवढी पुटपुटतात.

उद्या नातीचं, सून वृंदाच्या लेकीचं, ऋजुताचं लग्न आहे. "गुडघा धरलाय, मी घरीच थांबते," असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलंय. गुडघा ठणठणीत आहे. त्यांचे यजमान अप्पा होते तोवर 'सावधान' म्हटलं की ते हळूच कोपर दाबायचे आणि मालिनीबाई अक्षता टाकायच्या. अप्पा गेले आणि सगळा कारभार अंदाजपंचे झाला. मागच्या लग्नात मंगलाष्टक ऐन मध्यावर असताना त्यांनी मूठ मोकळी केली, ती पुढच्या व्याह्यांच्या टकलावर. अख्खं कार्यालय हसलं. नातीच्या लग्नात तसं हसं व्हायला नको.

डोळे मिटतात. पंखा कुरकुरतो, आणि तो चक्क ऐकू येतो.

"तेल घालायला हवं त्याला," अप्पा म्हणतात. ते पलंगाच्या कडेला बसलेत. अंगात लग्नातला कोट, खाली घरचा पायजमा.

"चहा टाकू?" मालिनीबाई विचारतात. गेलेल्या माणसाला दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचत नाही.

"आधी चल. जागा जाईल."

त्या उठतात तर पायाखाली मिरजेचा एसटी स्टँड आहे. फलाटावर लाल खुर्च्या मांडल्यात, कंडक्टर अत्तर लावतोय. अप्पा गर्दीतून त्यांना थेट पहिल्या रांगेत ओढून नेतात.

"जन्मभर हाच हट्ट," त्या म्हणतात. "फोटोत यायची हौस. मला मेली लाज वाटायची."

"हौस कसली? मागून मामा दिसत नाही."

"कुठला मामा?"

"नवरीचा. तिच्या मागे उभा असतो ना, त्याचा अक्षतांचा हात उठला की मी तुझं कोपर दाबायचो. अर्धा जन्म मला तरी कुठे ऐकू येत होतं?"

मालिनीबाई त्यांच्याकडे वळतात. "मग पाहुणे काय म्हणाले, ते मला सांगायचात ते?"

"मनाने. पण चांगलंच सांगायचो की नाही?"

"वृंदा नवी सून म्हणून आली तेव्हा म्हणाली होती, आईंच्या हाताला चव आहे. ते?"

"तिचे ओठ हलले होते खरे," अप्पा म्हणतात.

आता ते दोघं स्वयंपाकघरात उभे आहेत आणि ओट्यापलीकडे एसटी उभी आहे. मालिनीबाईंना हसू येतं आणि रडूही. त्या एका वाक्यावर त्यांनी सुनेला लेकीसारखं जवळ केलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"दोघंही बहिरे म्हटल्यावर तू कुणाच्या भरवशावर लग्नाला आली असतीस?"

किती केलं या माणसाने, आणि कधी बोलला नाही. "फार सांभाळलंत मला," त्या म्हणतात. जिवंतपणी हे म्हणायचं राहून गेलं होतं.

"उद्या जा."

"आणि चुकले तर?"

"अक्षता आधी पडल्या तर आशीर्वाद आधी पोचेल. त्यात काय बिघडतं?" अप्पा त्यांच्या पदराचं टोक घेतात आणि गाठ मारतात. "म्हणजे विसरणार नाहीस."

घंटी वाजते. अप्पा खिडकीशी बसलेत आणि गाडी ओट्यापासून निघते.

वृंदा खांदा हलवतेय, तिच्या हातात चहा आहे. मालिनीबाई उठून बसतात. पदराच्या टोकाला गाठ आहे, दुहेरी, नखाने सुटणार नाही अशी. वृंदा ती सोडवायला हात पुढे करते.

"राहू दे," मालिनीबाई म्हणतात. "आणि उद्या मला पहिल्या रांगेत बसव. तुझा भाऊ मला नीट दिसला पाहिजे."