मामंजींनी आयकर भरला

आमच्या घराण्यात आयकर भरणारे पहिले गृहस्थ म्हणजे माझे सासरे, आणि तोही त्यांनी क्रिकेटमुळे भरला. दिवसभर चेंडू मारून शेवटी तो कोणाच्या घरी जातो, असं विचारणारा हा माणूस.

त्या साली उदगीरला पाऊस जवळजवळ आलाच नव्हता. नळ कधी येईल आणि उदगीरचा जिल्हा कधी होईल, या दोनच गोष्टींवर गावात बोलणं चाले, आणि दोन्हींचं उत्तर "होईल की" एवढंच असे. घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर. पाण्यावाचून पार्लर म्हणजे नुसत्या भुवया. बायका भुवया कोरून घ्यायच्या आणि तोंड धुवायला आपापल्या घरी जायच्या. मग दुपारभर मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पडून मोबाईलवर क्रिकेटचा संघ बनवत असे. खऱ्या सामन्यातले अकरा जण आपण निवडायचे, ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि पहिला येईल त्याला बक्षीस.

खेळणारी मी, पण नाव माझं नव्हतं. माझ्या पॅन कार्डावर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं, त्यामुळे ॲपनं मला ओळखच दिली नाही. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, सरकारी कचेरीत कारकून. "माझं नाव कशात घालू नको," म्हणाला (ह्यानं स्वतःच्या लग्नपत्रिकेवरही नाव भीत भीतच घातलं होतं). राहिले मामंजी. जन्मभर मोंढ्यातल्या धान्यबाजारात पोती वाहिली, आता ओट्यावर बसून असायचे.

"मामंजी, मोबाईलवरच्या खेळाला तुमचं कार्ड नि खातं लावू का?"

"लाव की. पेटीत पडून वाळवी लागून राहिली त्याला."

आणि एका रविवारी मी पहिली आले. ह्या खेळात कर्णधाराचे गुण दुप्पट, म्हणून सगळे शहाणे मोठमोठ्या फलंदाजांना कर्णधार करत होते. मी एका नवख्या गोलंदाजाला केलं, कारण त्याच्या भुवया फार रेखीव होत्या. त्या दिवशी त्या पोरानं समोरच्यांची दाणादाण उडवली.

मी डोळे मिटून घेतले. मला मागं रेलणारी, डोक्याखाली भांडं असलेली केस धुवायची खुर्ची दिसायला लागली. कोमट पाणी संथ वाहतंय, शिकेकाईचा वास सुटलाय, बाहेर आभाळ भरून आलंय. उदगीरचा जिल्हा झालाय आणि नव्या कलेक्टरबाई माझ्या खुर्चीत मान टाकून अर्धवट झोपेत म्हणताहेत, "शोभाताई, असे हात लातुरातसुद्धा नाहीत हो." मी म्हणतेय, "मॅडम, पाणी फार गरम नाही ना?"

"शोभे, पैसे कमी आलेत," प्रकाश म्हणाला.

कलेक्टरबाई उठून गेल्या. खरंच, जवळजवळ तिसरा हिस्सा गायब होता. प्रकाशनं लगेच चोरी झाली असं ठरवलं, मी ॲपवाल्यांना शिव्या घातल्या, आणि खातं मामंजींचं म्हणून त्यांना रिक्षात घालून आम्ही बँकेत गेलो. तिथं मी इतक्या वरच्या आवाजात बोलले की रांगेतली माणसं रांग सोडून आमच्याभोवती उभी राहिली.

मॅनेजरनं शांतपणे संगणकात पाहिलं. "ताई, चोरी कसली? आयकर कापलाय. बक्षिसावर लागतोच." मग मामंजींकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही सरकारला कर भरलाय. बसा ना, उभे का?"

त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मामंजी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मी दिले? सरकारला?"

"हो. तुमच्याच नावावर जमा आहेत."

मामंजींनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, आता ह्यांना काही होतंय. पण ते हळूच मागं सरकले आणि पाठ टेकून बसले. जन्मभर रेशनच्या, दाखल्याच्या, पगाराच्या रांगेत हात पुढं करून उभा राहिलेला माणूस. घरी येताना त्यांनी रिक्षा तहसीलवरून घ्यायला लावली आणि इमारतीकडे असं बघितलं, जसं भाडेकरू घर नीट ठेवतात का ते मालक बघतो. दुसऱ्या दिवशी टँकर उशिरा आला, तर ड्रायव्हरला म्हणाले, "टायमावर येत जा बाबा. डिझेल आमचं हाय."

मी मात्र केस धुवायच्या खुर्चीचा नाद सोडला नव्हता. मामंजींना दुसरी कमाईच नाही, मग कापलेले पैसे परत मिळतील, असा माझा हिशोब. आम्ही तिघं लातूरला एका सीएकडे गेलो.

"परत काही मिळत नाही," सीए म्हणाला. "असल्या बक्षिसाला कुठलीच सूट नाही. उलट वरचा थोडा उपकर राहिलाय, तो भरावा लागेल."

"अजून?" मी किंचाळले.

"अजून?" मामंजींनी विचारलं, पण त्यांच्या आवाजात सणाची गोडी होती. "भरून टाका साहेब. आणि सूनबाई, दिलेलं परत मागत असतेत का कुठं?"

मी शेवटचा प्रयत्न केला. "मामंजी, राहिलेल्या पैशात पार्लरला एक खुर्ची..."

त्यांनी हात वर केला. "साहेब, पैशे बँकेत ठेवले आन् व्याज आलं, तर त्याच्यावर बी कर लागतो का?"

"व्याज जास्त झालं तर लागतो की."

"मग तसंच ठेवा. लई वर्षासाठी ठेवा."

कराच्या कागदावर सहीला पेन हवं होतं, ते मीच दिलं.

आता ओट्यावर मामंजींभोवती माणसं जमतात. जिल्हा झाला तर कचेरी कुठं असावी, हे त्यांना विचारतात, आणि तेही सांगतात. परवा मी चहा घेऊन बाहेर गेले, तर एका पाहुण्यानं विचारलं, "आन् सूनबाई काय करत्यात?"

"तिचं पार्लर हाय," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे मोठ्या मायेनं बघत आवाज खाली आणला. "कर काई भरत न्हाई बिचारी. पर आपुन भरून राहिलो न्हवं, त्याच्यात तिचं बी भागतंय."