माशांची झोप, फुफीची सहरी

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर माझ्या फुफीचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीचा. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. तेव्हा ती स्वतः आली, माझे कपडे पिशवीत भरले आणि अब्बांना म्हणाली, "हा माझ्याकडं राहील. तुझं काय हाय ते उद्या बोलू." ते उद्याचं बोलणं कधी झालंच नाही. मी घोडेगावला तिच्या घरी राहून दहावी झालो, बारावी झालो आणि नगरला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला प्राणिशास्त्राची पदवी मिळाली. ती मिळता मिळता फुफीनंच कशी अडवली आणि तिनंच कशी सोडवली, ते मला लिहून ठेवायचं आहे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. आमच्या सरांनी वर्गात विचारलं होतं, "माशाला पापण्या नसतात. मग तो झोपतो कसा?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला खरंच माहीत नव्हतं. मी तोच विषय मागून घेतला: घरच्या टाकीतल्या लहान माशांची झोप. प्रकल्प नापास झाला तर वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं असतं तर पुढचं सगळंच गेलं असतं. अब्बा गवंडी. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "औंदा कागद हातात पडला तर ठीक. न्हाईतर उन्हाळ्यात माझ्यासंगं कामावर यायचं." त्यात राग नव्हता. पाठदुखीमुळं त्यांच्यानं आता एकट्यानं काम होत नव्हतं, एवढंच.

कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद व्हायची. वसतिगृहातल्या खोलीत आम्ही चौघे, चौघांचे मोबाईल उशिरापर्यंत चालू. तिथं माणूस झोपत नसे, मासा काय झोपणार? म्हणून परीक्षेआधीच्या सुट्टीत मी मासे घोडेगावला न्यायचं ठरवलं. पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा मासे, निळी-लाल रेघ असलेले निऑन आणि तळाशी राहणारा एक लोच, असे सगळे पाण्याच्या पिशव्यांत घालून, पिशव्या मांडीवर आणि काचेची रिकामी टाकी पायाशी धरून एसटीनं आलो. कंडक्टरनं एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तिकीट फाडलं.

फुपांचा, म्हणजे फुफीच्या नवऱ्याचा, धंदा दोरखंडाचा. जनावरांच्या बाजारातल्या दुकानात ते दावी, कासरे, घुंगरमाळा विकतात. टाकी बघून म्हणाले, "याला दावं लागतं का वेसण?"

"काहीच लागत नाही, फुपा. फक्त अंधार लागतो."

"मग सोपं जनावर हाय. आमच्या बाजारात आण. अंधारात तर कायबी खपतं."

पुढच्या खोलीत, फुपांच्या मालाशेजारी टाकी मांडली. नियम असा केला की सकाळी आठला टाकीचा दिवा लावायचा, लगेच दाणे घालायचे, आणि रात्री आठला दिवा बंद. अंधार झाल्यावर मी बॅटरीला लाल कागद लावून अधूनमधून बघायचो, कारण सरांनी सांगितलं होतं की मंद लाल उजेडानं हे मासे सहसा बिचकत नाहीत.

तो पहिला आठवडा मला अजून आठवतो. दिवसा इकडून तिकडं धावणारे झेब्रा अंधार झाल्यावर हळूहळू खाली यायचे आणि पाण्यात तसेच लटकून राहायचे. शेपटी किंचित खाली झुकलेली, कल्ले सावकाश हलताहेत. निऑनची चमकदार रेघ फिकी पडायची, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. काचेवर बोट टेकवलं तरी दिवसासारखे दचकायचे नाहीत. डोळे उघडेच असत. पण ते डोळे माझ्याकडं बघत नव्हते, हे मला कळत होतं.

लोचची झोप वेगळी. तो चक्क कुशीवर पडायचा. हे मी फुफीला सांगायला विसरलो.

एका दुपारी मी बाजारातून परत आलो, तर फुफी चहाच्या गाळणीत लोच घेऊन दाराकडं निघाली होती, तोंडानं मयतावर म्हणायचं "इन्ना लिल्लाही" चाललेलं. अंगणात लिंबाखाली तिनं खुरप्यानं लहानसा खड्डाही काढून ठेवला होता. मी ओरडलो आणि त्याच क्षणी गाळणीतल्या मयतानं अशी उसळी घेतली, की फुफीनं गाळणीच टाकली. मी लोच उचलून पाण्यात सोडला. तो सरळ दगडाआड गेला.

"झोपला हुता व्हय?" फुफी म्हणाली. "जित्या जिवाला पुरीत हुते मी."

फुपा म्हणाले, "तुझ्यापुढं झोपायची सोय न्हाई. मी आजपासून एक डोळा उघडा ठेवून झोपतो."

आम्ही दोघं हसलो. फुफी मात्र हसली नाही. त्या दिवसापासून टाकीतल्या जिवांची जबाबदारी आपली, असं तिनं मनाशी धरलं. मला ते तेव्हा कळलं नाही.

मग रमजान लागला. पहाटे, उजाडायच्या बऱ्याच आधी, घर सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या जेवणासाठी, जागं व्हायचं. दिवे लागायचे, भाकरी थापल्या जायच्या, शेजारच्या बायका दही मागायला यायच्या. माशांचा अंधार मोडू नये म्हणून मी टाकीवर फुपांच्या मालाचं जाड गोणपाट दुहेरी घातलं. उजेडाची तिरीपही आत जात नव्हती. मी निश्चिंत झालो.

काही दिवसांनी सहरीच्या आधीच जाग आली, म्हणून गोणपाटाचा कोपरा उचलून लाल बॅटरीनं बघितलं. सगळे झेब्रा समोरच्या कोपऱ्यात वर गोळा होऊन घिरट्या घालत होते. निऑनची रेघही उजळलेली. घरात अजून दिवा लागला नव्हता, भांडं वाजलं नव्हतं. आठला उठणारे मासे या वेळी जागे कसे? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाणी तपासलं, हवेचा पंप तपासला. काही सापडेना.

सहरी संपली की मी आणि फुपा मशिदीत जायचो. एके दिवशी टोपी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. फुफी गोणपाट बाजूला करून, दिवा लावून टाकीत दाणे टाकत होती. "खाऊन घ्या रे बाबांनो, अजान व्हायला आली," असं त्यांना सांगत होती.

मी दारातच उभा राहिलो. "फुफी, कधीपासून?"

"पहिल्या रोजापासून. खाऊन झालं की दिवा घालवून पुन्हा झाकते. आपन पोटभर खायचं अन् घरातलं जनावर उपाशी ठेवायचं?"

"ते आठला खातात. मी घालतो की."

"रमजानातबी आठला?" ती घाबरली. "मग त्यांचा रोजा मी मोडत हुते का तू?"

मला हसूही आलं आणि रडूही. दोन आठवड्यांची सगळी निरीक्षणं वाया गेली होती. मी टोपी उचलली आणि मशिदीकडं वळलो. पण तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलंच. दिवसभर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

वर्गातल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "पहिल्या आठवड्याचे आकडे आहेत ना? तेच थोडे खाली-वर करून पुढं लिही. माशांची झोप कोण तपासायला येतंय?" फोन ठेवल्यावर मी पुष्कळ वेळ टाकीसमोर बसलो. तो म्हणाला ते खरंच होतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण मग मी अब्बांना जो कागद दाखवला असता, तो कशाचा असता?

सरांना फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. सर आधी चिडले. मग सगळ्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझे मासे अंधारात, खाणं यायच्या आधी आपोआप जागे होतात. मूर्खा, हाच प्रकल्प आहे. आता हे खाणं बंद केल्यावर काय होतं ते बघ. वेळ कमी आहे. जमेल?"

"जमेल सर," मी म्हणालो. जमवायचंच होतं.

त्यासाठी फुफीला दाणे घालणं बंद करावं लागणार होतं. तिला ते सांगणं सरांना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. ती कबूल झाली. पण मासे काही दुसऱ्या दिवशी विसरले नाहीत. सहरीच्या वेळी गोणपाटाखाली, गडद अंधारात, ते कोपऱ्यात येऊन वाट बघत राहायचे. मी टिपून घ्यायचो. फुफी भाकरीचं ताट घेऊन टाकीकडं पाठ करून बसायची.

"आले का रे?"

"आले."

"रमजानचा रोजा सोपा हाय बेटा. ह्यो लई अवघड हाय." एकदा तर तिनं दाण्यांची डबी फुपांच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही दुकानात न्या. माझा भरवसा न्हाई."

तेव्हापासून फुपा रोज रात्री डबी दुकानात ठेवून येत आणि सकाळी आठच्या आत बरोबर आणून देत. हळूहळू कोपऱ्यात येणारे मासे कमी झाले. मग एक झेब्रा तेवढा यायचा. शेवटी तोही येईनासा झाला. ईदच्या आदल्या पहाटे मी बघितलं, तर सगळे तळाशी लटकून होते, शेपट्या झुकलेल्या, निऑन फिके. मी फुफीला हाक मारून लाल उजेडात दाखवलं. ती वाकून बघत राहिली. "निवांत झोपलीत," एवढंच म्हणाली आणि स्वतःच गोणपाट नीट केलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी माझी वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "पहाटे खाणं कोणी घातलं?"

"माझ्या फुफीनं."

"ठरवून?"

"नाही मॅडम. माशांचा उपवास होऊ नये म्हणून."

"हे पद्धतीमध्ये लिहिलंय?"

"लिहिलंय. तिसऱ्या पानावर."

त्यांनी तिसरं पान काढून सावकाश वाचलं. मग पुढचे सगळे प्रश्न त्याच पानावर विचारले. आणि मला उत्तरं येत होती, कारण प्रत्येक उत्तर मी डोळ्यांनी बघितलं होतं.

निकाल लागला त्या दिवशी घरी फोन केला. फोनवर फुफी "जेवलास का" एवढंच विचारते आणि दुसऱ्याच्या हातात देते. ती चौथी शिकलेली आहे, मोठं अक्षर सावकाश वाचते. म्हणून त्याच दिवशी तिला पत्र लिहिलं. ते असं होतं:

"प्रिय फुफी, सलाम.

मी पास झालो. पहिल्या वर्गात. प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. परीक्षेला आलेल्या बाईंनी तुझ्याबद्दल विचारलं. मी सगळं खरं सांगितलं, त्यामुळे माझं काहीच बिघडलं नाही.

आता एक काम तुझ्याकडं आहे. सर म्हणतात, पुढची दोन वर्षं शिकलो तर मला शिकवण्याची नोकरी मिळू शकेल. मी अर्ज करायचं ठरवलं आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर इथल्या औषधांच्या दुकानात काम, असं बोलून ठेवलं आहे. घरून काही मागणार नाही, आणि सुट्टीत अब्बांबरोबर कामावर जाईन. पण हे अब्बांना मी सांगितलं तर ते गप्प होतील आणि मग मला पुढं बोलवणार नाही. तू सांग. तू सांगितलेलं ते ऐकतात.

त्यांना विचारू नकोस. सांगच.

फुपांना सलाम. तब्येतीला जप.

तुझा भाचा"