हरीओमची शांतता अन् चतुराबाईची हळद

केनवडच्या फाट्यावर हरीओमचं कृषी केंद्र आहे. पण त्या दुकानातल्या गिऱ्हाइकानं मालकाचं तोंड क्वचितच पाह्यलं असन. पाह्यली ती फोनची पाठ. एका हातानं बियाण्याचं पाकीट द्यायचं, दुसऱ्या हातानं स्टेटस टाकायचं. सकाळी चहाचा फोटो, दुपारी ढगाचा, संध्याकाळी बैलायचा. बैल शेजाऱ्याचे. घरचे यानं कधीचेच विकले.

अशा माणसाले एक दिवस कळलं, की फोन म्हणजे विष आहे. कळलं कुठून? फोनमधूनच. कोण्या दाढीवाल्याचा व्हिडिओ पाह्यला अन् दुकानात येईल त्याले उपदेश सुरू. "आपलं डोकं सडून राह्यलं भाऊ. यंत्रापासून दूर जा लागते."

औषध बी त्यानं फोनवरच शोधलं. कोकणात कोलाडले जायचं, रबरी होडीत बसून खळाळत्या नदीत आपटत जायचं, अन् दोन दिवस फोन रिसॉर्टवाल्याच्या तिजोरीत. राफ्टिंग म्हणतेत त्याले. आमच्या इकडं कोणी नदीत पडलं तं लोक काढाले धावतेत. तिथं पैसे भरून पडतेत.

जायच्या आधीच्या हप्त्यात त्याची अन् त्याच्या चुलतीची, चतुराबाईची, हळद शिजली होती. बेणं एक, कढई एक, जाळ एक. हरीओमच्या विहिरीजवळचं रान साफ, म्हणून दोघायची हळद तिथंच वाळत घातली. चढाची जागा यानं सोताले ठेवली, उताराची काकूले देली. नवरा गेल्यापासून दीड एकरावर तिचं घर चालते, अन् वर्षाचं ते सारं आता त्या उतारावर उन्हात पडलं होतं. शिजलेल्या हळदीले कोरडं ऊन लागते. पाणी शिवलं की काळी पडते, बुरशी धरते, अन् व्यापारी एक कांडी मोडून पाहते अन् बाकीच्या पोत्याकडं ढुंकूनही पाहत नाही.

विहिरीवरच्या मोटरले हरीओमनं मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला होता. फोन लावून एक दाबला की मोटर सुरू, दोन दाबला की बंद. लाईट गेली तरी काळजी नाही. आली की मोटर आपोआप उठते. स्टार्टरच्या लोखंडी पेटीले कुलूप, अन् किल्ली गाडीच्या किल्लीसंगं कोलाडले. भुईमुगाले पाणी द्यायचं होतं, तं रिसॉर्टच्या फाटकात उभं राहून यानं एक दाबला अन् संगच्या लोकायले दाखोलं, "पाहा, इथून केनवडात मोटर चालवून राह्यलो!" मंग देवाले नारळ द्यावा तसा फोन तिजोरीत देला.

दोन दाबायचा राह्यला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी तयार, डोक्यावर टोप तयार, नदी नाही. तिथलं पाणी वरच्या वीजघरातून सुटते. तिकडं यंत्र फिरलं की इकडं नदी येते. यंत्रापासून पळालेला हा गडी यंत्राची वाट पाहत काठावर बसला. नदी आली तसा किंचाळत गेला, किंचाळतच बाहेर निघाला.

त्याच सकाळी चतुराबाई हळद उलटवाले रानात आली, तं भुईमुगाचे वाफे तुडुंब भरले होते अन् पाणी बांध फोडून उताराले लागलं होतं. तिनं हरीओमले फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मंग त्याच्या बायकोले लावला.

"वर्षाराणी, कुठं हाय तुहा नवरा? मोटर चालू हाय, पानी माह्या हळदीत शिरून राह्यलं!"

"कोलाड म्हने काकू, पुढचं काही सांगतलं नाही. म्हने मले शोधू नको, मी सोताले शोधाले चाललो."

"सापडला तं सांग, पह्यले मोटर बंद कर म्हना."

शेजारच्या शेतातला सेवादास पहार घेऊन पळत आला अन् कुलपाले हळूहळू टोचू लागला. चतुराबाईनं पहार हिसकली. "सरक तिकडं. कुलूप हाय ते, गाभण म्हैस नाही." कोयंडाच उचकटला तिनं. लाल बटन दाबलं, मोटर निजली.

तोवर तिच्या हळदीत घोटाभर पाणी. चढावरची हरीओमची हळद मात्र कोरडी, खणखणीत.

"गेली वं काकू तुही," सेवादास म्हणाला.

"माही कायची? एकाच कढईतली हाय. भिजली ते हरीओमची."

"अन् तो काय म्हनन?"

"त्याले इचारूनच केलं असतं. फोन लागत नाही ना."

दिवसभर सेवादास अन् ती टोपले वाहत होते. तिची होती तेवढीच कोरडी चढावरून भरली, घरी नेली. वल्ली तशीच चढावर नेऊन पसरली. टोपलंभर बी जास्त घेतली नाही.

हरीओम परतला तो नाक सोललेला, छातीवर होडी छापलेली बनियन घालून. फाट्यावर उतरल्याबरोबर प्रवचन. "डोकं एकदम रिकामं झालं भाऊ!" रिकामं व्हायले आधी काही असा लागते. तो रानात कधी जाते, याची सारा गाव वाट पाहत होता.

गेला. तिथूनच ओरडला, "काकू, माही हळद वल्ली कशी?"

"तुही मोटर चालू राह्यली."

"अन् तुही वाळली कशी?"

"माही घरी हाय."

"मंग मले फोन काहून नाही केला?"

"केला ना बाबू. बंद होता. मले वाटलं पोरगं शांततेसाठी गेलं, कायले तरास द्या."

त्यानं सेवादासकडं पाह्यलं. सेवादास आभाळ पाहत होता. वर्षाराणीनं नवऱ्याच्या पुढ्यात रिकामं टोपलं ठेवलं अन् म्हणाली, "काकूनं बरोबर केलं. बसा खाली. काळी वेगळी काढा, चांगली वेगळी."

बसला. निवडता निवडता त्याच्या खिशात फोन वाजू लागला. संगचे लोक होडीतले फोटो धाडून राह्यले होते. त्यानं फोन काढला, पण पिवळ्या वल्ल्या बोटानं काच काही उघडेना. पुसून पाह्यलं, तं बनियनीवरची होडी पिवळी झाली, फोन तसाच.

"ठेव तो," चतुराबाई बांधावरून म्हणाली, "अन् तळातली उलटव. तिथं पानी हाय अजून."