निंबाअप्पांच्या तोंडून

निंबाअप्पा सातवी नापास. तरी संध्याकाळी लिंबायतच्या आमच्या गल्लीत ओट्यावर बसून सांगायचे, "आज आम्ही दोन ऑपरेशनं केली." म्हणजे केली डॉक्टरसाहेबांनी; अप्पांनी रोग्याचा हात धरला.

अप्पा कामाला होते त्या दवाखान्याच्या पाटीवर हाताचे आणि खेळातल्या दुखापतींचे तज्ज्ञ असं लिहिलेलं. खेळाडू महिन्याला दोन यायचे. बाकी सगळे लूमच्या गिअरमध्ये बोटं देऊन आलेले, पोटासाठी गुजरातेत उतरलेले आमचे खान्देशी. डॉक्टर गुजराती बोलत, कारागीर अहिराणी, आणि मध्ये अप्पा. साहेबांचं म्हणणं ते अशा रुबाबात सांगत, की माणूस कळ विसरून मान हलवी. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, अख्खं लिंबायत भुसावळच्या गाडीला लटकलं. अप्पा दवाखान्याची किल्ली सांभाळत थांबले. साहेबांवर होता तेवढा विश्वास त्यांचा कलाबाईवरही, म्हणजे स्वतःच्या बायकोवरही, नसावा.

शहाण्णव साली कलाबाईचा भाऊ कुंदन उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट चेंगरून आला. सोबत लूमचा शेठ. शेठ आणि डॉक्टर आत जाऊन दोन मिनिटं बोलले. मग डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल. अप्पांनी पदरचं घालून सांगितलं, "वाचणारं असतं तर साहेब कापा म्हणाले असते का?" कुंदन हो म्हणाला. पंधराव्या दिवशी तो कामावर गेला, पण सुताची तुटलेली तार चिमटीत धरता येईना. शेठने त्याला कापडाचे ताके उचलायला लावलं.

दोन महिन्यांनी एका व्यापाऱ्याचा मुलगा आला. कॉलेजचा विकेटकीपर, तेच बोट, मोटारीच्या दारात तसंच चेंगरलेलं. हेही बोट गेलं, असं अप्पा मनात म्हणून मोकळे झाले. डॉक्टर भिंगाचा चष्मा लावून तीन तास शिवत बसले. चार महिन्यांनी पोरगा चेंडू झेलू लागला. पेढे आले.

अप्पांनी पेढा तसाच परत ठेवला. त्यांनी विचारलंच. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, कुंदनचंही शिवता आलं असतं. पण शेठला माणूस पंधरा दिवसांत हवा होता, आणि चार महिने घरी बसून कुंदन तरी काय खाणार होता?

"आणि निंबाभाई, त्याला समजावलं तर तुम्हीच ना?"

अप्पा तसेच कुंदनच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं, या खेपेला पदरचा एक शब्द न घालता. कुंदन जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं.

"दाजी, तुम्ही मना का त्याना?" माझे, की साहेबांचे, असं तो विचारत होता.

अप्पा अजून त्याच दवाखान्यात आहेत. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? पण चेंगरलेलं बोट आलं की ते आधी साहेबांनाच विचारतात, शिवता येईल का, आणि किती महिने लागतील. साहेब घड्याळ बघतात. अप्पा दोन्ही गोष्टी रोग्याला सांगतात. निम्म्याहून जास्त कारागीर तरीही 'कापा' म्हणतात. कुंदन काय म्हणाला असता, ते अप्पांना कळायला मार्ग नाही. तो त्यांच्याशी बोलत नाही.