भाऊजींना पाय लागला

ज्युदोत असे काही डाव आहेत की समोरच्याला पाडायच्या आधी आपण स्वतः कुशीवर पडायचं. पडण्याचा माझा आयुष्यभराचा अनुभव बघता हा डाव मला चटकन जमेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, म्हणून तर आज हे लिहायची वेळ आली.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवासला त्यांचं शिवणकामाचं दुकान. वय बावन्न, आणि कमरेला वीस वर्षं तोच तपकिरी पट्टा; त्याच पट्ट्यावर नव्या पोरांना पडायला शिकवतात. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला दोनदा गेले; एकदा जोडीदार आलाच नाही, दुसऱ्यांदा ऐन वेळी उजवा गुडघा सुजला. यंदा डॉक्टरांनी बजावलं, हे शेवटचं वर्ष, पुढे गादीला रामराम. परीक्षेत दोघांनी एकमेकांना डाव लावून दाखवायचे असतात. त्यांच्या वजनाचा, त्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा आणि दर रविवारी रिकामा असा माणूस अख्ख्या माळव्यात एकच निघाला. तो मी. माझा पट्टा निळा, कॉलेजातला. त्याच परीक्षेत मलाही तपकिरी मिळवता येईल, असं भाऊजींनी आमिष दाखवलं.

मग दर रविवारी धारहून बस, इंदूरला दुसरी बस, आणि देवासच्या एका शाळेच्या हॉलमधल्या घामट वासाच्या गाद्या.

डाव ऐकायला सोपा. समोरच्याची बाही घट्ट धरायची, त्याच्या घोट्यावर आपल्या तळपायाने बाहेरून फटका द्यायचा आणि त्याच झोकात त्याला ओढत आपण कुशीवर कोसळायचं. भाऊजींचा उजवा गुडघा अधू, म्हणून तिथल्या ज्युदोच्या सरांनी मला डावीकडून शिकवलं. म्हणजे माझा उजवा पाय त्यांच्या डाव्या घोट्यावर, आणि त्यांची डावी बाही माझ्या उजव्या हातात. ‘‘बाही छोड़ना मत, भिया,’’ सर पहिल्याच दिवशी माळवी थाटाचा ‘भैया’ लावून म्हणाले. ‘‘तूने छोड़ा तो वो कंधे पे आएगा.’’

मी पाय मारला. आणि मारल्याबरोबर बाही सोडली, उजव्या हाताने भाऊजींना स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला.

आमच्याकडे कुणाला पाय लागला की हा नमस्कार आपोआप होतो. त्यातून हे जावई! लग्नात ज्यांचे पाय धुतले, त्यांच्या घोट्यावर लाथ!

सर कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. ‘‘ये क्या था?’’

‘‘सर, वो पैर लग गया था.’’

‘‘अरे भिया, लगाना ही तो था!’’

भाऊजी हसून हसून गादीवर लोळले. ‘‘अरे, मी परवानगी देतो तुला. मार लाथ. तुझ्या ताईची शप्पथ!’’

त्या दिवशी मी त्यांना अकरा वेळा पाडायला गेलो आणि अकरा वेळा नमस्कार केला. नशीब, ते प्रत्येक वेळी कसेबसे सावरले. पुढे मी युक्ती काढली. गादीवर चढतानाच त्यांना वाकून नमस्कार करून टाकायचा, दिवसभराची आगाऊ भरपाई. दोन महिन्यांत हात जागच्या जागी राहू लागला. एका रविवारी तर सलग वीस वेळा. सर म्हणाले, ‘‘अब इंसान लग रहा है.’’ त्या दिवशी ताईने माझ्या पोह्यांवर दुप्पट शेव घातली.

परीक्षेला बाहेरून तीन परीक्षक आले. भाऊजींचे सगळे डाव आधी झाले, आणि काय सुंदर झाले! मी उशीसारखा उडत होतो. माझ्या पाळीतलाही फक्त हा एक डाव उरला. त्या गडबडीत आगाऊ नमस्कार राहून गेला होता, हे मला पाय उचलल्यावर आठवलं.

फटका अगदी बरोबर बसला. हात मात्र कपाळाला गेला. रिकाम्या बाहीनिशी भाऊजी डाव्या खांद्यावर आले. काटकी मोडावी तसा आवाज झाला.

कॉलरबोन. तिन्ही परीक्षक माझ्या पायाकडे बघत होते. कपाळावरचा हात बघून, हा बिचारा हादरलाय, असं समजून मधल्याने माझ्या पाठीवर थोपटलं. मग कागदावर लिहिलं. मी पास. भाऊजी नापास; पडून उठता आलं नाही म्हणून काम अर्धवट, शिवाय शेरा : पडण्याचं तंत्र कच्चं. वीस वर्षं लोकांना पडायला शिकवणाऱ्या माणसाबद्दल! मी तोंड उघडलं. भाऊजींनी खाली पडल्या पडल्या नुसती मान हलवली, नको. माझाही पट्टा जाईल म्हणून असेल. आणि मी, सांगायला लाज वाटते, तोंड मिटलं.

परीक्षा पुन्हा घेता येईल का, हे मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘हड्डी जुड़ते जुड़ते साल निकल जाएगा, भिया.’’

पुढच्या रविवारी देवासला गेलो तेव्हा भाऊजी हात झोळीत अडकवून एका हाताने पोहे खात होते. ताई मला वाढता वाढता म्हणाली, ‘‘वय झालं रे यांचं. पडायचंच विसरले म्हणे.’’

‘‘विसरलो खरं,’’ भाऊजी म्हणाले, आणि लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.

मी ती पोह्यांवर पिळली.