हिलाल आप्पांकडून आलेलं

गोडादऱ्याच्या हिलाल आप्पांनी कधी दारूला हात लावला नाही. तरी साठी उलटल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले. लूमवर तुटलेला धागा बांधता येईना. दारूबंदीच्या राज्यात हा माणूस पितो, असं कारखान्यात बोललं जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी कामच सोडलं.

माणूस सरळ, पण जिभेला तिखट. थोरली मुलगी सुषमा नवागामला दिलेली. तिचा योगराज सहा वर्षांचा झाला तरी बोलेना, नजर देईना, मिक्सर लावला की कान दाबून किंचाळे. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आप्पांनी भर पंगतीत विहीण कलाबाईंना सुनावलं, "आमच्या घराण्यात असं कुणी नाही. तुमचा भाऊ मुका होता ना? तिथूनच आलंय हे."

यंदा दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरबाईंनी योगराजची आणि सुषमाची जनुकांची तपासणी करून घेतली. रिपोर्ट घ्यायला सुषमाबरोबर आप्पा गेले. बाई समजावता समजावता थांबल्या. आप्पांच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "हे कधीपासून? चालताना तोल जातो?"

"जातो. पण मी पीत नाही हो!"

"दारूचं नाही हे. योगराजला जनुकातला जो दोष आहे, तो सुषमाकडून आलाय. तिला बहुतेक तुमच्याकडून. तुमच्यात तो कमी आहे, म्हणून उतारवयात नुसती थरथर. तुमचंही रक्त तपासू या."

तपासलं. तसंच निघालं.

"म्हणजे हाई मन्हाकडथीन ऊनं?" आप्पा अहिराणीत पुटपुटले.

सुषमा एकदम ओरडली, "आप्पा, आपली योगिता!"

धाकट्या योगिताचं वैशाखातच लग्न झालं होतं.

"अशा बापाच्या प्रत्येक मुलीत हा दोष उतरतो," बाई म्हणाल्या. "मूल होण्याआधी तिला पाठवा. आत्ता कळलं तर काहीतरी करता येतं."

तिथून आप्पा थेट नवागामला गेले. कलाबाई भाजी निवडत होत्या. आप्पांनी दारातच सांगून टाकलं, "ताई, चूक माझी. ते माझ्याकडून आलंय."

कलाबाईंनी भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तुम्ही बोललात त्या दिवसापासून मी पोराला मांडीवर घेतलं नाही. वाटायचं, माझंच रगत वाईट, माझी सावलीसुद्धा नको त्याच्यावर."

आप्पांना हे माहीतच नव्हतं. ही बाई दगड आहे, असंच ते सगळीकडे सांगत आले होते. ते उंबऱ्यावरच बसले.

योगिताचा रिपोर्टही तसाच आला. ती आणि तिचा नवरा भ्यालेत, पण सल्ल्याला जातात. योगराजला आता चित्रं दाखवून बोलायला शिकवतात. तहान लागली की तो ग्लासच्या चित्रावर बोट ठेवतो. आप्पांनाही हातांसाठी गोळी सुरू झाली आहे.

नातवाला क्लासला कलाबाईच नेतात, कडेवर घेऊन. आप्पांशी मात्र त्या अजून बोलत नाहीत.