आंदण

परवा मिरजोळ्याला कुणाच्या तरी अंगणात काजू भाजत होते. त्या उग्र वासाने माझी मान खाली गेली.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल, मी नववीत होते. पडवीत आमची भागी काजू फोडत होती, बोटं तेलाने काळी झालेली. आईच्या लग्नात माहेरच्यांनी भांड्यांबरोबर तिलाही धाडलं होतं, दहा वर्षांची असताना. मी गुलामगिरीवरचा निबंध मोठ्याने पाठ करत होते, "रोममध्ये मुलीच्या लग्नात दासीही देत."

भागीचा हात थांबला. "मंग बाय, मी पन आंदनातच आले ना गो?"

"छे! ते गुलाम. तू तर घरचीच," मी हसत म्हणाले आणि तिच्या वेगळ्या ठेवलेल्या कपातला चहा पायानेच तिच्याकडे सरकवला.

निबंधाला पहिला नंबर मिळाला. त्यातलं आज दुसरं एकही वाक्य आठवत नाही. पाय आठवतो.